रस्त्याकडच्या तुकड्यातला युरिया

हे माझ्या बायकोला माहीत नाही. भावाला नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नाही — आणि तिच्या उशाशी बसून सांगायला वेळ भरपूर होता. देवळात एकटा उभा असताना हा विषय मनात आला, की मी डोळे उघडून बाहेर चपला जागेवर आहेत का ते बघायचो. आज पहिल्यांदा बोलतो आहे, तुमच्याजवळ. तुमच्याजवळच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर तुमच्यासमोरही मी शाल पांघरून बसलो असतो.

शाल म्हणजे खरोखरची शाल. कपाटात सात-आठ आहेत. शेवटची गेल्या महिन्यात लातूरच्या एका कार्यक्रमात मिळाली. विषय होता खतं आणि पाण्याचं प्रदूषण. मी बोललो. मी छान बोलतो, तेवढं मला येतं. म्हणालो, पिकाला लागतो तेवढाच युरिया पीक घेतं, उरलेला पाण्याबरोबर खाली उतरतो, विहिरीला लागतो, बोअरला लागतो आणि एक दिवस तुमच्या नातवाच्या बाटलीत येतो. टाळ्या. म्हणालो, नत्र पिकाच्या भुकेप्रमाणे हळूहळू सुटलं पाहिजे, आईनं लेकराला भरवावं तसं. परत टाळ्या. हे वाक्य माझं नाही. ते जिचं आहे तिचं नाव मी त्या व्यासपीठावर घेतलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — पण पाषाण तरी बरा, तो खोटं बोलत नाही.

मला राग येतो आहे. हे लिहितानासुद्धा येतो आहे. हा राग मधेच गावावर निघेल, पाहुण्यांवर निघेल, साहेबांवर निघेल. निघू द्या. तो शेवटी कुणापाशी येऊन थांबायचा आहे ते मला ठाऊक आहे.

आमचं गाव रेणापूर तालुक्यात. ऊस आमच्याकडे पीक कमी आणि इभ्रत जास्त. आणि उसाची इभ्रत कशात? रंगात. पात नुसती हिरवी असून भागत नाही, काळपट हिरवी पाहिजे. आम्ही तिला काळोखी म्हणतो. रस्त्यानं जाणारा माणूस मोटारसायकल हळू करतो, म्हणतो, "काय काळोखी हाय राव!" आणि मालकाची छाती फुगते. ही काळोखी युरियानं आठ दिवसांत येते. पिकाला किती हवा हे विचारतो कोण? रस्त्यावरून कसं दिसतं ते बघून आम्ही युरिया फेकतो. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. मीही तसाच फेकला आहे. तेच तर सांगायचं आहे — पण तिथे पोचायला मला जरा वेळ लागेल.

शीतल हिमायतनगरची. कृषीची पदवी झालेली, पाणी-मातीवर काम करणाऱ्या एका संस्थेत कंत्राटी नोकरी. वय पंचवीस-सव्वीस. रेणापूरला खोली करून राहायची, स्कूटीवर यायची, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. तिच्या प्रत्येक वाक्यात "करून राहिले", "जाऊन राहिले" यायचं, त्याची गावातली माणसं नक्कल करायची. मीही करायचो. ती हसायची. आई तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही, आणि ती आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ठेचा-भाकरी खाताना आईला नायट्रेट समजावून सांगायची. आईला ते समजायचं! आई म्हणायची, "म्हंजी मीठ जास्ती झाल्यावानी."

तिला प्रयोगाला एक शेत पाहिजे होतं. रस्त्याकडेचं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला बोर्ड वाचता येईल. सगळं गाव फिरून तिनं माझं निवडलं. मी चार बुकं शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा, उलटसुलट प्रश्न विचारणारा. तिच्या कागदात एक रकाना होता, शेतकऱ्याविषयी अभिप्राय. तिनं माझ्यासमोर लिहिलं: विश्वासू, दिलेला शब्द पाळतात. लिहून मला वाचून दाखवलं. मी लाजून "कशाला, कशाला" म्हणालो. याच ओळीनं मी पुढे तिचा गळा कापला.

प्रयोग साधा होता. दहा-दहा गुंठ्यांचे दोन तुकडे. आतल्या तुकड्यात आमचा नेहमीचा युरिया, नेहमीच्या हप्त्यांनी. रस्त्याकडच्या तुकड्यात तिनं आणलेलं खत. दिसायला साबुदाण्यासारखं, दाण्यादाण्यावर पातळ लेप. त्या लेपातून नत्र हळूहळू सुटतं, कित्येक महिने सुटत राहतं. म्हणून ते कमी लागतं, आणि मुळांच्या खाली वाहून जात नाही. आता हे खाली जात नाही याचा पुरावा काय? म्हणून तिनं दोन्ही तुकड्यांत नळ्या पुरल्या होत्या — एक गुडघ्याएवढी खोल, एक कमरेएवढी. दर पंधरा दिवसांनी यायची, हातपंपानं नळीतली हवा ओढून ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत येऊन नळीत झिरपलेलं पाणी छोट्या बाटल्यांत भरायची. बाटल्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फात, आणि तिथून प्रयोगशाळेत. दोन दिवस सलग, एकदाही चुकली नाही. ताप असतानाही आली होती एकदा, तोंडाला रुमाल बांधून.

माझ्या शेताचा उतार खालच्या वस्तीकडे आहे. तिथे विहीर आहे, वस्ती तिचंच पाणी पिते. शीतल त्या विहिरीचंही पाणी न्यायची. तिला वाटत होतं, या एका तुकड्यानं दाखवून दिलं तर वरच्या अंगाचं सगळं शिवार बदलेल. तशी नावंही दिली होती लोकांनी. पुढच्या हंगामात आम्हीही हे खत टाकून बघू म्हणून, उतारावरच्या बहुतेक सगळ्यांनी.

तिनं अट एकच घातली होती. "दादा, ह्या तुकड्यात युरियाचा एक दाणा बी पडू देऊ नका. आणि चुकून पडलाच तर मला सांगा. मी रागावणार न्हाई. पण सांगा."

रागावणार नाही म्हणाली होती. आधीच म्हणाली होती. आणखी काय करायचं असतं माणसानं?

थंडीत ते खत सावकाश सुटतं. हेही तिनं सांगून ठेवलं होतं — उन्हं तापली की बघा. पण जानेवारी संपता संपता रस्त्याकडचा तुकडा पोपटी दिसायला लागला आणि बांधाच्या पलीकडचा काळाभोर. झालं, हॉटेलात माझी खिल्ली सुरू झाली. एकजण म्हणाला, "म्याडमनं ऊस लावला का घास?" दुसरा म्हणाला, उसाला कावीळ झाली, उतारा काढा. मी हसलो. वरून हसलो. मला गावात कुणी हसलेलं सहन होत नाही, लहानपणापासून नाही. मला वाटतं माझ्यातलं सगळं वाईट तिथून सुरू होतं.

त्याच दिवसांत भावाचं, सतीशचं जमून येत होतं. तिशी ओलांडलेला, शेती करणारा मुलगा — आज कोण देतं मुलगी? तीन ठिकाणी नकार पचवून झाले होते. आता पाहुणे निलंग्याकडचे. मुलीचा मामा म्हणेल ती पूर्व दिशा. आमच्याकडे मुलाचं घर बघतात तसं शेतही बघायला येतात, पण हा मामा आधी शेतात उतरायचा आणि पसंत पडलं तरच घरी पाणी प्यायचा. फोनवर म्हणाला, "घराचं काय, घर उद्या बांधता येतंय. पीक दावा. पीक लपवता येत न्हाई." पुढच्या रविवारी येतो म्हणाला.

निलंग्याहून आमच्या शिवारात शिरलं की पहिला तुकडा कोणता दिसतो? तोच.

आई म्हणाली, "त्या शीतलचा तुकडा तेवढा झाकता येईल का रं?" आम्ही सगळे हसलो. आई गमतीनं बोलली, पण मी ते गमतीनं ऐकलं नाही.

आता बघा, किती सोपं होतं. तिथे बोर्ड होता, चार फुटी, ठळक अक्षरात. मामाला दाखवून म्हणायचं, पाहुणे, हा प्रयोगाचा तुकडा आहे, आमचा ऊस पलीकडे बघा. एवढंच! एका वाक्याचं काम. पण मला ते वाक्य बोलायची लाज वाटली. पाहुण्यांसमोर आपल्या शेताविषयी खुलासा करायचा? मी? चार बुकं शिकलेल्या माणसानं? मामाला पोपटी ऊस दिसेल, क्षणभर त्याच्या भुवया वर जातील — तो क्षणच मला नको होता. त्या एका भुवईसाठी मी काय काय केलं ते आता ऐका.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या वेळेला, सगळं शिवार सावलीला बसलेलं असतं तेव्हा, मी मोटारसायकलवर युरियाची एक बॅग टाकून नेली. बादलीत ओतत गेलो आणि फेकत गेलो. दहा गुंठ्यांत अख्खी बॅग! ज्याला शेतीतलं कळतं तो हे वाचून कपाळावर हात मारेल. पांढरे दाणे नळ्यांच्या तोंडाशी पडले, तेव्हा मी काय केलं? बुटानं त्यांच्यावर माती ओढली. म्हणजे मला कळत होतं. चुकून नाही, रागात नाही, दारू पिऊन नाही — पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून. मग मोटर चालू केली आणि सऱ्या तुडुंब भरेपर्यंत पाणी सोडलं. फक्त आतल्या कोपऱ्यात, बाभळीच्या सावलीतल्या चार सऱ्या राहिल्या. तिथे पोचेपर्यंत बॅग संपली होती.

बोललो एकदाचं. पण इथे थांबलो तर तुम्ही मला समजून घ्याल. भावाचं लग्न, म्हातारी आई, नाक वर करून येणारे पाहुणे — समजून घ्यायला काय लागतं? समजून घेऊ नका. हे माझ्या पापातलं सगळ्यात स्वस्त पाप आहे.

रविवारी मामा आला. गाडीतून उतरला तो थेट त्या तुकड्यात. एक पात तोडली, दोन बोटांत धरून ताणली, उन्हाकडे करून बघितली. "काळोखी बघा कशी हाय! ह्या घराचा हात सैल हाय." बोर्डाकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. घरी येऊन पाणी प्याला, चहा घेतला, पोहे खाल्ले. ठरलं. त्या माणसानं आपली भाची एका बॅगेला दिली! मुलगी चांगली निघाली, सतीश चांगला आहे, दोघं सुखात आहेत. याचाही मला राग येतो. काहीतरी बिघडायला हवं होतं ना? माझं काहीच बिघडलं नाही.

दोन दिवसांनी शीतल आली. स्कूटी लावली, हेल्मेट काढलं आणि रस्त्यातच उभी राहिली. मी बांधावरून बघत होतो. मला वाटलं, हिला कळलं. सात-आठ दिवसांत पोपटी तुकडा काळाभोर झाला, हिला कळणारच, ही शिकलेली आहे. आणि ती — ती धावत आली हो! गमबुटात पाय अडखळत धावत आली. "दादा! सुटून राहिलं! खत सुटून राहिलं दादा! मी म्हणलं न्हवतं का?" तिचे डोळे भरले होते. तिनं फोटो काढले, तिथल्या तिथे सगळ्यांना पाठवले. मला उसात उभं करून एक काढला. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला आली तेव्हा रेणापूरहून पेढे घेऊन आली. आईला दिले, बायकोला दिले, मला दोन दिले.

मी खाल्ले. दोन्ही खाल्ले.

तेव्हा सांगायला हवं होतं. "रागावणार न्हाई" म्हणालेली मुलगी समोर पेढ्याचा पुडा धरून उभी होती, याहून चांगली वेळ कोणती असते? पण मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या हाताला गुण हाय." असं म्हणालो मी.

मग त्या बाटल्यांचा अहवाल आला. रस्त्याकडच्या तुकड्यात, कमरेएवढ्या नळीत, नायट्रेट युरियाच्या तुकड्यापेक्षाही किती तरी जास्त. जिथे कमी निघायला हवं तिथे जास्त. ती आली तेव्हा तोंड उतरलेलं होतं. ओट्यावर बसली, पाणीसुद्धा प्याली नाही. म्हणाली, "दादा, खरं सांगा. युरिया पडला का? गड्यानं चुकून टाकला का?" बघा, तिनं मला वाटही काढून दिली होती, गड्यावर ढकलायची. मी नाही म्हणालो. तिनं परत विचारलं. मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी उठलो, अंगणातल्या कुंडीतली माती मुठीत घेतली आणि तिच्यापुढे धरली. काळ्या आईची शपथ! वर आवाज चढवला, "आमी गरीब असू मॅडम, चोर न्हाई. शक असंल तर तुमच्या नळ्या उपटून न्या." चोर तो चोर, वर शिरजोर. मला अजून ऐकू येतो तो माझा आवाज — किती खरा वाटत होता! मला स्वतःलाच क्षणभर वाटलं की हिनं माझा अपमान केला.

तिनं हात जोडले. चुकलं म्हणाली. आईनं मला झापलं, "लेकराला कशाला वरडतूस?" तरी मी घुश्शातच बसून राहिलो.

मार्चमध्ये उन्हं तापली. आणि बाभळीकडच्या त्या चार सऱ्या, जिथे माझी बॅग पोचली नव्हती, त्या आपोआप रंग धरायला लागल्या. हळूहळू, तिनं सांगितलं होतं तशाच. बाकीच्या तुकड्याइतक्या काळ्या नव्हत्या अजून, पण निकोप होत्या. फुटवे भरलेले, पात रुंद. तिचं खत काम करत होतं! शिवारात त्याचा एकच पुरावा होता आणि तो मला एकट्याला माहीत होता. त्याच आठवड्यात संस्थेचे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. ते शहाणे असते तर त्यांनी विचारलं असतं, एकाच तुकड्यात हा कोपरा वेगळा का? मी विळा घेऊन गेलो आणि तो कोपरा कापला. चारही सऱ्या, बुडापासून. म्हशीला घातल्या. बायकोनं विचारलं, चांगला ऊस का कापला? म्हणालो, कीड होती.

आता मुख्य तेवढं राहिलं. इथवर लिहून मी दोन वेळा उठलो, बाहेर जाऊन आलो.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली. दोन साहेब, सरपंच, पंधरा-वीस शेतकरी, आणि कडेच्या खुर्चीवर शीतल, मांडीवर थर्माकोलचा डबा. साहेबांना शेत बघायचं नव्हतंच, चहाच्या आत निकाल लावायचा होता. त्यांच्या मते दोनच शक्यता होत्या. एक तर शेतकऱ्यानं युरिया टाकला, नाहीतर मॅडमनं बाटल्यांत गडबड केली किंवा पाणी न घेताच भरल्या. शीतल म्हणाली, मी प्रत्येक वेळी स्वतः पाणी घेतलं आहे, आकडे आले तसे लिहिले आहेत, मला बदलायचे असते तर मी चांगले करून लिहिले असते. किती बरोबर बोलली! कुणी ऐकलं? साहेबांनी तिचाच कागद उघडला आणि तिलाच वाचून दाखवला: शेतकरी विश्वासू, दिलेला शब्द पाळतात. "हे तुम्हीच लिहिलंय ना?" ती हो म्हणाली. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. मॅडम वेळेवर येऊन पाणी घेत होत्या का?"

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. "हो, घेत होत्या" म्हणालो असतो तर प्रश्न परत युरियावर आला असता, पण आला असता तर आला असता! मी गळा साफ केला आणि म्हणालो:

"येत होत्या. पण कधी कधी नळ्यांना हात न लावताच जायच्या."

या एका वाक्यासाठी मी तुम्हाला एवढं बसवून ठेवलं. युरिया तर सगळं गाव फेकतं. हे वाक्य मी एकट्यानं फेकलं, आणि कुणी विचारलं नव्हतं इतकं फेकलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "दादा..." म्हणाली. मी पंख्याकडे बघत होतो. साहेबांनी कागद मिटला, त्यांना हवं ते मिळालं होतं. कंत्राटी मुलगी, एका पत्रात विषय संपतो. माणूस तपासायला वेळ लागतो, काढून टाकायला लागत नाही. त्या साहेबांच्या आळसाचा मला आजही संताप येतो, पण त्यांच्या हातात दगड कुणी दिला? ती डबा उचलून बाहेर गेली, स्कूटी दोनदा सुरू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली. हॉलमध्ये कुणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली — "जाऊन राहिले, जाऊन राहिले!" सगळे हसले. मी हसलो.

मे महिन्यात सतीशचं लग्न झालं. नावं दिलेल्या शेतकऱ्यांनी नावं मागे घेतली. "ते गोळी खत उलटं पाणी नासवतंय" अशी खबर पंचक्रोशीत पसरली, आणि सगळे परत दुप्पट जोमानं युरियाकडे वळले. बोर्ड पडून होता, तो मी म्हशीच्या गोठ्याच्या भोकाला ठोकला.

खालच्या वस्तीच्या विहिरीवर आज लाल पट्टा आहे, पाणी पिण्यालायक नाही म्हणून. भावजयीचं बाळ पाच महिन्यांचं होतं तेव्हा आरोग्य केंद्रातल्या ताई घरी येऊन सांगून गेल्या, तुमच्या बोअरलाही तेच लागलं आहे, तान्ह्या लेकराला हे पाणी चुकूनही देऊ नका. आम्ही विकतच्या पाण्याचा जार लावला. वस्तीवर ज्यांना जार परवडत नाही ते काय करतात, हे मी विचारायला गेलेलो नाही. माझ्या एका बॅगेनं विहीर नासली असं नाही, ती सगळ्या शिवारानं वर्षानुवर्षं नासवली. पण शिवार थांबायला तयार झालं होतं. त्याला परत युरियाला लावणारा मी. आणि त्याच नासलेल्या पाण्यावर मी आता भाषणं देतो, तिच्या वाक्यांवर शाली घेतो.

एवढं करून माणूस निदान त्या मुलीच्या वाटेला जात नाही. मी गेलो. या उन्हाळ्यात हिमायतनगरला साडूकडे कार्यक्रम होता. बसस्टँडवर उतरून चालत निघालो तर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागे शीतल. दुकान दुसऱ्याचं, हिच्या पदवीवर परवाना घेतलेला. पाठीमागे छतापर्यंत युरियाच्या बॅगा. मला वळून जाता आलं असतं, पण तिनं बघितलं आणि उठून बाहेर आली. "दादा! इकडं कुठं?" चहा मागवला. स्टुलावरची धूळ स्वतःच्या ओढणीनं पुसली. आई गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या हातच्या ठेचा-भाकरीची आठवण काढली. मग भावजयीची चौकशी, बाळाची चौकशी. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही दोघंच. आता सांगावं असं माझ्या मनात आलं, खरंच आलं, जिभेवर आलं.

तेवढ्यात तीच म्हणाली, "दादा, एक बोलायचं होतं. मी लई विचार केला त्याच्यावर. बाटल्या माझ्याच हातून बदलल्या असतील. मला ताप होता बघा एकदा, पेढे आणले त्या दिवशी बी अंगात कसर होतीच, तवाच केली असंल मी गडबड. आणि वरून तुमच्यावर शक घेतला. तुम्हाला मातीची शपथ घ्यायला लावली. ते मनातून जाऊन न्हाई राहिलं."

तिच्या आवाजात मला खूश करायचा प्रयत्न नव्हता. तिला ते खरं वाटत होतं. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला ते पटवलं होतं. प्रत्येक बाटली जिनं नाव, तारीख, वेळ घालून बर्फात ठेवली, जिच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही, त्या मुलीनं स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडला होता. जणू माझंच सोपं व्हावं म्हणून!

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणालो, "होतं मॅडम. माणूस हाय, चुकतो. आमच्या मनात काही न्हाई."

तिनं मोठा श्वास सोडला. हसली. स्टँडपर्यंत सोडायला आली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. बस सुटेपर्यंत उन्हात उभी होती. मी तिला माफ करून घरी आलो.